पांढरी फटक खिडकी

हिशेब विभागातल्या मॅडम फोनवर नमस्कार वगैरे म्हणत नाहीत. "परत पांढरं पडलं," एवढंच म्हणतात. घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्याबद्दल बोलावं तसं त्या माझ्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतात, आणि वर्णन अगदी अचूक असतं. 'अहवाल काढा' हे बटण दाबलं की खिडकी आधी गोठते, मग तिच्यावरचा रंग उडतो आणि शीर्षकाशेजारी 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी लागते.

हा प्रोग्राम मी एकट्याने लिहिला आहे. अभिमानाने सांगावं असं हे वाक्य आहे खरं, पण फोन मलाच का येतो याचं उत्तरही तेच आहे.

पहिल्या दिवशी मी व्यवसायाला शोभेल असं उत्तर दिलं होतं. "माझ्याकडे तर चालतंय, मॅडम."

"छान," त्या म्हणाल्या. "मग महिनाअखेरीचा अहवाल तुम्हीच काढून पाठवत जा."

अहवाल काढायचा म्हणजे त्यांचा डेटा मागवणं आलं. तो आला, मी बटण दाबलं आणि माझीही खिडकी पांढरी पडली. तोवर मी ज्या डेटावर चाचणी घेत होतो त्यात वीस नोंदी होत्या. 'अबक', 'कखग', 'टेस्ट टेस्ट' आणि एक नुसतीच 'हहहह'. मॅडमकडे चाळीस हजारांहून जास्त होत्या, आणि त्यातल्या एकीचंही नाव 'अबक' नव्हतं.

तर प्रकार असा की विंडोजवरच्या प्रोग्राममध्ये पडदा रंगवणारा, माउसची टिचकी ऐकणारा, कळफलकाची दखल घेणारा धागा (थ्रेड, म्हणजे एकामागून एक कामं उरकणारा प्रोग्रामचा हात) एकच असतो. कार्यालयाच्या खिडकीवर एकच कारकून बसवावा तसा. मी त्याच कारकुनाला तळघरातून चाळीस हजार फायली आणायला पिटाळलं होतं. इकडे खिडकीवर टिचक्यांची रांग लागली आणि खुर्ची रिकामी. विंडोज अशा वेळी पाच सेकंद वाट पाहतं. तेवढ्यात प्रोग्रामने एकाही निरोपाची दखल घेतली नाही, तर ते मूळ खिडकी लपवून त्याच जागी, त्याच आकाराची दुसरी खिडकी उभी करतं. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत तिला 'घोस्ट विंडो'च म्हटलं आहे. म्हणजे मॅडम इतके दिवस ज्या पांढऱ्या आकृतीशी बोलत होत्या ते माझं सॉफ्टवेअर नव्हतंच, ते त्याचं भूत होतं. भुताला सरकवता येतं आणि बंद करता येतं, पण अहवाल मागता येत नाही.

उपाय पुस्तकात दिलेला असतोच. जड काम वेगळ्या धाग्यावर टाका. टाकलं. लगेच लाल अक्षरांत तक्रार आली: 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड'. पडद्यावरची वस्तू ज्या धाग्याने बनवली त्यानेच तिला हात लावायचा, असा नियम आहे. तळघरातल्या माणसाने स्वतः वर येऊन पाटी बदलायची नाही, वरच्या कारकुनाला चिठ्ठी पाठवायची. या चिठ्ठीला आमच्यात 'इन्व्होक' म्हणतात. मी चिठ्ठ्यांची व्यवस्था केली, आणि भरीस भर म्हणून वरच्या कारकुनाला सांगितलं की खालचं काम संपेपर्यंत जागचा हलू नकोस. त्याने ते शब्दशः पाळलं. खालचा चिठ्ठी पाठवून थांबला, कारण वरच्याने ती घेतल्याशिवाय पुढे सरकायचं नव्हतं. वरचा हाताची घडी घालून थांबला, कारण खालचं काम संपल्याशिवाय चिठ्ठी घ्यायची नव्हती. दोघंही कर्तव्यदक्ष, दोघंही जन्मभर थांबायला तयार. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर शून्य टक्के, आणि मी दोन दिवस डेटाबेसच्या क्वेरीला शिव्या घालतोय. शेवटी एका ओळीतलं 'डॉट रिझल्ट' (म्हणजे 'उत्तर येईपर्यंत जागचा हलू नकोस') काढून तिथे 'अवेट' (म्हणजे 'उत्तर येईपर्यंत बाकीची कामं कर') लिहिलं. लिहायला अर्धा मिनिट लागला.

"आता पांढरं पडत नाही," मॅडम म्हणाल्या. मी खुर्चीत मागे रेललो. "पण काही होतही नाही. म्हणून मी पाच वेळा दाबलं."

पाच दाबण्यांचे पाच धागे सुटले होते आणि पाचही एकाच फाइलवर लिहायला धावले होते. त्यावर संदेश येतो की ही फाइल दुसरी प्रोसेस वापरत आहे, तुम्हाला मिळणार नाही. मी आधी एक्सेल बंद करायला लावलं. मग अँटीव्हायरसवर संशय घेतला. मग मशीन रिस्टार्ट. बटण एकदा दाबलं की काम संपेपर्यंत मिटून राहील अशीही सोय केली. तरीही दुसऱ्यांदा अहवाल काढताना तोच संदेश. ती 'दुसरी' प्रोसेस मीच निघालो. पहिल्या खेपेला उघडलेली फाइल माझ्याच कोडने बंद केली नव्हती, आणि विंडोजचा संदेश असा भिडस्त की दोषी तुम्हीच असलात तरी तो 'दुसरी'च म्हणतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. 'यूझिंग'च्या महिरपी कंसात फाइल घातली की ती आपोआप बंद होते, हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवतो.

तारखांचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तारीख मी मजकूर म्हणून वाचत होतो. माझ्या मशीनवर दिवस आधी, मॅडमच्या मशीनवर महिना आधी. त्यामुळे १ ते १२ तारखांना प्रोग्राम निमूटपणे खोटं बोलायचा, ३ एप्रिलचा ४ मार्च करायचा, आणि १३ तारखेपासून धाडकन कोसळायचा. पुढच्या १ तारखेला आपोआप बरा. मी तीन महिने समजत होतो की दुरुस्ती मीच केली.

त्याहून छळवादी प्रकार 'नल'चा. ज्या पेटीत काही आहे असं समजून आपण हात घालतो ती रिकामी निघते आणि प्रोग्राम जागच्या जागी आडवा होतो. ही रिकामी पेटी संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत आणली. अमलात आणायला फार सोपी होती म्हणून मोह आवरला नाही, असं त्यांनी २००९ मध्ये कबूल केलं आणि तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. एवढ्या मोठ्या माणसाने माफी मागितल्यावर आपण राग धरू नये. पण माझा 'नल' मी पाहायला गेलो की गायबच व्हायचा. वैद्याच्या दारात पाऊल टाकताच दुखणं पळावं तसं. डीबगर (कोड थांबवत थांबवत चालवून पाहायचं साधन) लावून ओळीओळीने चाललं की तेवढ्या वेळात तळघरातला माणूस पेटी भरून मोकळा व्हायचा. डीबगर काढला की माझा हात त्याच्या आधी पेटीत. अशा दोषाला 'हायझेनबग' म्हणतात. नाव कळल्याने फार बरं वाटतं, दोष मात्र तिथेच राहतो.

आणि मग तो फोन आला.

"तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय, 'हे कधीच होणार नाही.'"

"काय होणार नाही?"

"ते लिहिलेलं नाही. खाली फक्त ओके आहे. दाबू?"

नोंद एक तर 'जमा' असते, नाहीतर 'नावे'. तिसरा प्रकार संभवतच नाही, म्हणून तिसऱ्या फांदीत मी स्वतःच्या करमणुकीसाठी तो संदेश ठेवला होता. मॅडमनी एक्सेलमधून चिकटवलेल्या नोंदींत 'जमा'च्या पुढे एक कोरी जागा आली होती. डोळ्यांना दिसत नाही, संगणकाला दिसते. मी कडेच्या कोऱ्या जागा छाटणारं 'ट्रिम' लावलं आणि संदेश बदलून 'नोंदीचा प्रकार ओळखता आला नाही, ओळ क्रमांक अमुक' असा केला. तो वाचून आता कोणी हसत नाही. चांगल्या संदेशाचं लक्षण तेच असावं.

गेल्या महिन्यात सगळं एकत्र करून नवी आवृत्ती दिली. अहवाल काढताना खिडकी जिवंत राहते, खाली हिरवी पट्टी सरकते. (पट्टी नव्वद टक्क्यांपर्यंत अंदाजाने जाते आणि तिथे विचार करत बसते. हे गुपित आहे.) आठवडाभर फोन नाही. नवव्या दिवशी आला.

"काय झालं? परत पांढरं पडलं?"

"नाही हो, तीच तर अडचण आहे." मॅडमनी आवाज खाली आणला. "पूर्वी ते पांढरं पडलं की साहेबांना दाखवून सांगता यायचं, अडकलंय. दहा मिनिटं कोणी काही मागायचं नाही. आता मागितला की लगेच निघतो. अधूनमधून पांढरं पडेल अशी काही सोय करता येईल का?"

मी कामांच्या यादीत नोंद करून ठेवली आहे. प्रकार: नवी सुविधा. प्राधान्य: मध्यम.