कीटकांमधल्या त्या पट्टीबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘कीटकांच्या पेशीद्रवात इंटरमीजिएट फिलॅमेंट (पेशीला आधार देणारे प्रथिनांचे धागे) नसतात’ या माझ्या लेखातल्या वाक्यावर तुम्ही लिहिलंत, की पुण्यातल्या तुमच्या कॉलेजात ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) अळ्यांचा अर्क ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत) चालवला, या धाग्यांच्या कुळातली सगळी प्रथिनं ओळखणारी अँटिबॉडी लावली आणि ७५ किलोडाल्टनजवळ (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) ठळक पट्टी आली. शिवाय तुमचं म्हणणं असं, की कीटक उत्क्रांतीत ‘आधीचे’, म्हणून त्यांच्यात हे प्रथिन घडू लागलेलं असणार.

पट्टी खरीच आहे, पण बहुधा लॅमिनची, म्हणजे केंद्रकाच्या आतल्या अस्तरात असणाऱ्या याच कुळातल्या प्रथिनाची. ड्रोसोफिलाचं लॅमिन डीएम-० ७४ ते ७६ ला दिसतं. आपल्या पेशीद्रवात असतं तसं व्हायमेंटिन असतं तर ५५ च्या आसपास दिसलं असतं. तुमची अँटिबॉडी प्रथिनाच्या दांड्याचं (मधल्या लांब भागाचं) शेवटचं टोक ओळखते. ते टोक कुळभर टिकून आहे, लॅमिनमध्येही. ट्रायटन हे डिटर्जंट आणि जास्त मीठ वापरूनही प्रथिन विरघळलं नाही, हा तुमचा मुद्दा इथे निर्णायक नाही. केंद्रकाचं अस्तरसुद्धा त्याच गाळात राहतं.

म्हणून आधी केंद्रकं वेगळी काढा. अळ्या थंड बफरमध्ये डिटर्जंटशिवाय हळू घोटा, मलमलीतून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जी वर (गुरुत्वाच्या हजारपट) १० मिनिटं फिरवा. गाळ आणि वरचं द्रव शेजारी-शेजारी चालवा, लॅमिनची खास अँटिबॉडीही लावा. जोरात घोटलं तर केंद्रकं फुटतात आणि वरच्या द्रवातही पट्टी येते, त्यामुळे केंद्रकातल्याच हिस्टोन एच३ या प्रथिनाची तपासणी हवीच. ऊतकावर रंगवून पाहिलंत तर आणखी बरं: लॅमिन केंद्रकाभोवती कडं करतं, पेशीद्रवात जाळं दिसत नाही.

‘आधीचे’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. गोगलगाय, गांडूळ, जंत यांच्या पेशीद्रवातल्या, याच कुळातल्या प्रथिनांचा दांडा लॅमिनसारखाच, सुमारे ३५२ अमिनो आम्लांचा. आपल्या व्हायमेंटिन-केराटिनचा ३१०. मधली ४२, म्हणजे सात-सातचे सहा गट, अँफिऑक्सस या कणा नसलेल्या, पण आपल्या जवळच्या सागरी प्राण्यातही नाहीत. म्हणजे पाठीचा कणा येण्याआधीच ती गळाली. सी. एलिगन्स या सूत्रकृमीत या कुळातल्या पेशीद्रवी प्रथिनांची ११ जनुकं आहेत. सूत्रकृमी आणि कीटक दोघंही कात टाकणाऱ्या एकाच शाखेतले, तेव्हा कीटकांनी ही प्रथिनं गमावली; ती अजून घडायची होती, असं नाही. उलट काही प्राण्यांत लॅमिनपासून नव्याने असं प्रथिन तयार झालंय: हायड्रा या गोड्या पाण्यातल्या छोट्या प्राण्याच्या दंशपेशींतलं नेमॅटोसिलिन, स्प्रिंगटेल या उड्या मारणाऱ्या चिमुकल्या जिवातलं आयसोमिन.

‘आधीचे’ म्हणजे प्रथिनांचे प्रकार कमी, असंही नाही. पेशीच्या सांगाड्यातलं आणि स्नायूतलं दुसरं प्रथिन, अ‍ॅक्टिन, पाहा. ड्रोसोफिलात अ‍ॅक्टिनची ६ जनुकं, माणसात प्रकार ६. फरक मोजणीत नाही: कीटकाच्या स्नायूतलं अ‍ॅक्टिन आपल्या स्नायूतल्यापेक्षा आपल्या पेशीद्रवातल्या अ‍ॅक्टिनशी जास्त जुळतं.

चूक माझीही झाली. स्प्रिंगटेल काटेकोर अर्थाने कीटक नाही, पण सहा पायांच्या त्याच गटातला आहे, आणि लेखात त्याचा उल्लेख हवा होता. तो आता घातला आहे. केंद्रकं वेगळी करूनही एच३ नसलेल्या द्रवात पट्टी आली, तर ती जेलमधून कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीला (प्रथिन नेमकं ओळखणाऱ्या तपासणीला) द्या. अमिनो आम्लांचा क्रम हाती आला की दांड्यातली ती मधली ४२ आहेत का, एवढं आधी पाहा.