बुन्य, शंकरपाळ्या आणि हाताला चिकटणारे पीठ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फ्रान्समधील ल्यों शहरात होणारे बुन्य, म्हणजे गोड पिठाचे तळलेले तुकडे, घरी कसे तळावेत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांच्या सोयीसाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडतो. पीठ हाताला फार चिकटू लागल्यामुळे आपण त्यात आणखी वाटीभर मैदा घातलात. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवण्याची अट अनावश्यक वाटल्याने तासाभरातच लाटून तळायला घेतलेत. पहिला घाणा बाहेरून काळपट आणि आतून कच्चा निघाला, म्हणून आच कमी केलीत, तर पुढचे घाणे तेलकट झाले आणि गार झाल्यावर कडक पडले. यावरून आपण असा निष्कर्ष काढलात, की पाककृती सदोष आहे, खऱ्या फ्रेंच पदार्थात यीस्ट नसतेच व तो आतून पोकळ असतो, आणि मी दिलेला प्रकार म्हणजे फ्रेंच नाव लावून मिरवलेल्या शंकरपाळ्याच होत. शेवटी आपण मैद्याविषयी शंका आणि पिठातल्या रमविषयी नापसंती नोंदवून, अंड्याशिवाय हे जमेल का, असेही विचारले आहे.

सगळ्यांत आधी शंकरपाळ्यांचा मुद्दा घेतो, कारण बाकीच्या बहुतेक आक्षेपांचे उत्तर त्यातच आहे. दोन्हींतले जिन्नस पुष्कळसे सारखे आहेत, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. मैदा, दूध, साखर, स्निग्ध पदार्थ, चिमूटभर मीठ आणि तळण. अंडी आणि यीस्ट वगळली तर यादी जवळजवळ एकच होते. परंतु शंकरपाळीत तूप सर्वांत आधी मैद्याला लागते. कडकडीत मोहन घालून आपण मैदा चोळतो, किंवा दूध, तूप आणि साखर एकत्र गरम करून त्यात मावेल तेवढा मैदा घालतो, तेव्हा मैद्याच्या कणांवर तुपाचा थर बसतो, पाणी आतपर्यंत सहज पोचत नाही आणि पिठाला चिवटपणा आणणारे ग्लुटेनचे धागे आखूडच राहतात. शंकरपाळीचा खुसखुशीतपणा यातूनच येतो. बुन्यमध्ये क्रम नेमका उलटा असतो. आधी मैदा, अंडी, दूध, साखर, मीठ आणि यीस्ट यांचेच पीठ भिजवून ते आठ-दहा मिनिटे चांगले तिंबायचे, धागे लांब आणि मजबूत होऊ द्यायचे, आणि लोणी अगदी शेवटी घालायचे. मोहन आधी घातलेल्या पिठाला यीस्टने कितीही हवा दिली, तरी ती हवा धरून ठेवणारी लवचीक जाळी त्या पिठात तयारच झालेली नसते. त्यामुळे एकाच यादीतून दोन वेगळे पदार्थ होतात, आणि ते तितक्याच वेगळ्या रीतीने तळले जातात : शंकरपाळी मंद आचेवर, आतले पाणी जवळजवळ संपेपर्यंत, म्हणून ती डब्यात पंधरा दिवस टिकते; बुन्य भरपूर तापलेल्या तेलात, दोन-अडीच मिनिटांत, आतला ओलावा राखून, म्हणून ते त्याच दिवशी संपवायचे असतात. यात कोणाचा कमीपणा नाही. दिवाळीत माझ्या घरीही शंकरपाळ्याच होतात, आणि त्यांच्या जागी दुसरे काही करावे असे मला कधी वाटलेले नाही.

आता वाटीभर मैद्याविषयी. लेखातील प्रमाण २५० ग्रॅम मैद्याला २ अंडी, ५० मिलिलिटर दूध, ६० ग्रॅम मऊ लोणी, ३० ग्रॅम साखर, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४ ग्रॅम मीठ आणि एका लिंबाची किसलेली साल असे होते. कवच काढलेल्या दोन अंड्यांचे वजन साधारण १०० ग्रॅम भरते आणि त्यातील सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. त्यात दुधातले पाणी मिळवले, तर लोण्यातला थोडा अंश सोडून एकूण १२० ग्रॅमच्या आसपास पाणी होते, म्हणजे मैद्याच्या वजनाच्या ४८ टक्के. मध्यम वाटीत शंभर-सव्वाशे ग्रॅम मैदा सहज मावतो. तो मिसळल्यावर हेच प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास घसरले, आणि आपल्या परातीत खरोखरच शंकरपाळ्यांइतके घट्ट पीठ तयार झाले. अशा घट्ट पिठात यीस्टला फुगवायला जागा मिळत नाही, तळताना होणाऱ्या वाफेलाही ते ताणता येत नाही, आणि उष्णता आतपर्यंत पोचेतो वरची साखर करपते. बाहेरून काळपट आणि आतून कच्चा निघालेला घाणा पुष्कळसा येथेच ठरला होता, तेल तापायला ठेवण्याच्या कितीतरी आधी.

हे पीठ चिकट असणे ही त्याची प्रकृती आहे, आणि त्या चिकटपणाला मैद्याने उत्तर द्यायचे नसते, तिंबण्याने द्यायचे असते. पहिली चार-पाच मिनिटे ते बोटांना सोडतच नाही. परातीत ते तळहाताने पुढे ढकलावे, उचलून आपटावे, स्वतःवरच दुमडावे आणि बोटांना लागलेले पीठ उलथन्याने खरवडून पुन्हा त्यातच घालावे. हळूहळू पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पीठ परातीच्या कडा सोडते आणि फक्त तळाशी थोडे धरून राहते. अशा वेळी सुपारीएवढा गोळा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद ताणून पाहावा. न फाटता त्याचा इतका पातळ पडदा झाला की पलीकडचा उजेड दिसावा, तर लोणी घालण्याची वेळ झाली असे समजावे. लोणी छोट्या तुकड्यांनी घालताना मध्येच पीठ फुटल्यासारखे, निसरडे आणि हाताबाहेर गेल्यासारखे दिसू लागते. मला वाटते, मैद्याच्या डब्याकडे हात जातो तो बहुधा याच क्षणी. तो मोह दोन-तीन मिनिटे आवरला, तर पीठ लोणी पोटात घेते आणि पुन्हा एकजीव, तुकतुकीत होते.

फ्रिजची अट याच्याशीच जोडलेली आहे. चिकट पीठ जास्तीचा मैदा न घालता लाटायचे असेल, तर त्यातले लोणी थिजलेले हवे. दीड तासात ते बाहेर फुगून जवळपास दुप्पट झाले, की हलकेच दाबून हवा काढावी आणि झाकून आठ ते बारा तास फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी हेच पीठ पोळपाटावर चिमूटभर मैद्यात विनासायास लाटले जाते. तेवढ्या अवधीत ताणलेले धागेही सैलावतात, त्यामुळे लाटलेली पोळी आक्रसून पुन्हा लहान होत नाही, आणि थंडीत यीस्ट मंदावून काम करत राहिल्याने चवही अधिक खोल येते. आपल्याकडे मार्चपासून पुढे स्वयंपाकघरात तिशीपार तापमान असते, हेही ध्यानात घ्यावे. अशा उन्हाळ्यात लोण्याचे पीठ दिवसभर बाहेर ठेवले, तर लोणी सुटते आणि आंबूस वास येतो. घाई असेल तर निदान चार तास तरी फ्रिजला द्यावेत. एका तासात, तेही एवढ्या घट्ट पिठात, यीस्टचे काम जेमतेम सुरू झालेले असते.

तळणीविषयी मात्र लेखात मी जे दोन ओळींत आटोपले होते, ते येथे विस्ताराने सांगायला हवे. तेल १७० ते १७५ अंश सेल्सियसवर असावे. तापमापी नसेल, तर पिठाचा चण्याएवढा तुकडा टाकून पाहावा. तो खाली जाऊन क्षणभरात बुडबुड्यांसह वर आला पाहिजे. तळाशीच बसून राहिला तर तेल गार आहे, आणि पडताक्षणी तांबूस होऊ लागला तर फार तापलेले आहे. कढईत एका वेळी तीन-चारच तुकडे सोडावेत, कारण फ्रिजमधल्या थंड पिठाने तेलाचे तापमान झपाट्याने उतरते. आता तेलकटपणाबद्दल. तळताना पदार्थ सतत तेल पितो अशी आपली समजूत असते. परंतु तळण चालू असताना आतून जोराने बाहेर पडणारी वाफच तेलाला बऱ्याच अंशी अडवून धरते. तुकडा कढईतून बाहेर काढल्यावर ही वाफ आतल्या आत निवू लागते, आतला दाब उतरतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल स्पंजाप्रमाणे आत ओढले जाते. तेलाचा मोठा वाटा पदार्थात शिरतो तो बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत. म्हणून झाऱ्यावरच तुकडा दोनदा झटकावा, लगेच कागदावर दोन्ही बाजूंनी टिपावा आणि मग जाळीवर ठेवावा. ताटात एकावर एक रचून ठेवलेला घाणा तेलात बसल्यासारखाच असतो. आपण आच कमी केल्यावर दुहेरी नुकसान झाले : तुकडे जास्त वेळ तेलात राहून कोरडे पडले, आणि वाफेचा जोर ओसरल्याने तेलाची वाटही मोकळी झाली.

कापण्याची रीतही मी केवळ शोभेसाठी दिलेली नव्हती. पाच मिलिमीटर जाडीची पोळी लाटून कातण्याने सुमारे दहा सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद असे शंकरपाळीच्याच आकाराचे तिरके तुकडे कापावेत, प्रत्येकाच्या मधोमध उभी चीर द्यावी आणि एक टोक त्या चिरेतून खालून वर ओढून घ्यावे. असे केल्याने मधला जाड भाग उरतच नाही, तेलाला चारही बाजूंनी आत जायला वाट मिळते, आणि बाहेरचा रंग येईतो आतलेही शिजून होते. आपण चीर न देता सरळ तुकडे तळलेत असे प्रतिक्रियेवरून दिसते. पुढच्या वेळी तेवढे जरूर करून पाहावे.

यीस्ट नसतेच, या विधानाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. पोकळ असतो तो शू पेस्ट्रीचा तळलेला प्रकार, ज्याला फ्रान्समध्ये पे द नॉन म्हणतात. त्यात पाणी आणि लोणी उकळून मैदा शिजवतात, मग एकेक अंडे फेटून घालतात, आणि तळताना केवळ वाफेच्या जोराने तो गोळा फुगून आत पोकळी धरतो. तो अस्सल आहे, तसे बुन्यही अस्सल आहेत. बुन्यांच्या दोन परंपरा आहेत : ल्योंच्या नावाने ओळखला जाणारा पातळ, कुरकुरीत प्रकार, आणि जवळच्या सेंत एत्येनच्या बाजूचा जाडसर, मऊ, यीस्टने फुगलेला प्रकार. ल्योंच्या बेकऱ्यांत आज दोन्ही मांडलेले असतात. मी दिलेली पाककृती मऊ प्रकाराची होती आणि लेखात तसे लिहिलेही होते. कुरकुरीत बुन्यांबद्दल आपण शंकरपाळीची आठवण काढली असती, तर मी ती निम्मी मान्य केली असती. दोन मिलिमीटर जाडीचा तो खुटखुटीत तुकडा दक्षिण फ्रान्समधील ओरेयेत, इटलीतील कियाक्येरे आणि पोलंडमधील फावोर्की यांच्याच कुळातला आहे. बेन्ये हा फ्रेंच वळणाचा तळलेला गोड पदार्थ पुढे अमेरिकेतील लुइझियानात रुजला, तिथेही तो यीस्टच्याच पिठाचा होतो. न्यू ऑर्लिन्समधील १८६२ सालापासूनचे कॅफे दु मोंद त्याच्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि १९८६ साली त्या राज्याने बेन्येला आपला अधिकृत डोनट ठरवले.

मिरवण्याबद्दल एवढेच म्हणेन, की हा मुळात मिरवण्याचा पदार्थच नव्हे. ईस्टरच्या ४७ दिवस आधी येणाऱ्या मार्दी ग्राच्या मंगळवारी, दुसऱ्या दिवसापासून सुरू होणाऱ्या उपवासकाळात पूर्वी वर्ज्य असणारी अंडी, लोणी आणि चरबी संपवून टाकण्यासाठी घरोघरी सुरू झालेले हे तळण आहे. याच दिवसांत आपल्या गोव्यात इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, साजरा होतो. आणि फुगवलेल्या पिठाचे तळण आपल्याकडे परके आहे असेही नाही : वसई-मुंबईच्या ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाजात मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचे, यीस्टने फुगवलेले फुगिया लग्नकार्यात आवर्जून होतात. त्याचे पीठ तर बुन्यहूनही सैल असते. मुठीत धरून अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबून ते थेट तेलात सोडतात. फुगिया करणाऱ्या हाताला पिठाच्या चिकटपणाचे काहीच वाटत नाही, आणि आपल्याला घरच्या ओळखीत असा हात भेटला, तर माझ्या लेखापेक्षा तो आपल्याला लवकर शिकवील.

मैद्याबद्दल आपण शंका घेतली आहे, तिचे उत्तर छोटे आहे. फ्रान्समध्ये अशा पिठांसाठी टी ४५ किंवा टी ५५ प्रतीचे गव्हाचे पीठ वापरतात. आपला साधा मैदा या कामाला पुरेसा आहे. वेगवेगळ्या मैद्यांची पाणी पिण्याची ताकद वेगळी असते, म्हणून दोन चमचे दूध मागे ठेवावे आणि पीठ भिजवताना लागेल तसे घालावे. रम ऐच्छिकच आहे. ती नको असेल तर लिंबाच्या सालीसोबत संत्र्याची साल किसून घालावी, चवीत उणे काही जाणवत नाही. पिठीसाखर मात्र बुन्य कोमट झाल्यावरच चाळावी. गरम असताना घातली तर ती विरघळून चिकट थर बसतो.

अंड्याशिवाय करायचे असल्यास दोन अंड्यांऐवजी ८० ग्रॅम दूध आणि जास्तीचे १५ ग्रॅम लोणी घालावे, बाकी क्रम तोच ठेवावा. अंड्यातील बलकामुळे येणारा पिवळसर रंग आणि रेशमी पोत त्यात उतरणार नाही, आणि ते तासाभरात घट्ट होऊ लागतील, म्हणून पाहुणे ताटावर बसल्यावरच तळायला घ्यावेत. पीठ तेव्हाही हाताला चिकटेल, आणि तेव्हाही कृपया मैदा वाढवू नये.