‘ऑडासिटीत मूळ फाइलला धक्का लागत नाही’, हे अर्धंच खरं

ऑडासिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरबद्दल ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर सारखा फिरतो: ‘ऑडासिटी मूळ फाइलला हात लावत नाही. सेव्ह केलं की काम सुरक्षित. चुकलं तर अनडू आहे. वेगळी कॉपी म्हणजे जागेची नासाडी.’

पहिलं वाक्य खरं आहे, आणि घात तिथेच होतो. एडिटिंग चालू असताना ऑडासिटी मूळ फाइलला शिवत नाही. एक्स्पोर्ट करताना, म्हणजे तयार आवाज वेगळ्या फाइलमध्ये काढताना, तुम्हीच शिवता. समजा, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचं रेकॉर्डिंग ‘अक्षता’ नावाच्या वाव (wav) फाइलमध्ये आहे. ती रिकाम्या प्रोजेक्टमध्ये ओढली की प्रोजेक्टलाही तेच नाव लागतं आणि एक्स्पोर्टच्या वेळी तेच समोर येतं. फोल्डर तोच ठेवला, वावच निवडलं, ‘आधीची फाइल बदलायची का?’ याला घाईत ‘हो’ म्हटलं, की २४ बिटचं अख्खं रेकॉर्डिंग जाऊन तिथे काटछाट केलेली १६ बिटची, म्हणजे कमी बारकाव्याची, फाइल बसते. सोहळा होतो त्या संमती कट्ट्यावरचा गजर पुन्हा टिपायला पुढच्या वर्षीची यात्रा उजाडावी लागते.

प्रोजेक्ट अजून उघडा असेल तर अनडू करत मागे जाऊन आवाज वाचवता येतो. बंद केला की अनडूची यादी गेली. ‘चुकलं तर अनडू आहे’ हा मुद्दा एवढ्यावरच संपतो.

अडोबी ऑडिशन या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या वेव्हफॉर्म एडिटरमध्ये (एकच फाइल एडिट करायच्या खिडकीत) तर एक्स्पोर्टचीही गरज नाही. कंट्रोल-एस दाबलं की मूळ फाइलच बदलते.

आता ‘सेव्ह केलं की सुरक्षित’. २०२१ मध्ये आलेल्या ऑडासिटीच्या ३.० आवृत्तीपासून सगळा प्रोजेक्ट एयूपी३ (aup3) या एकाच फाइलमध्ये राहतो. ही खरं तर एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालीची फाइल. प्रोजेक्ट उघडा असताना शेजारी नावाच्या शेवटी ‘वाल’ (-wal) असलेली आणखी एक फाइल दिसते. ताजे बदल तिच्यात असू शकतात. कचरा समजून ती उडवली, किंवा एकटी एयूपी३ पेनड्राइव्हवर टाकली, तर कॉपी अपुरी निघू शकते. आधी सेव्ह करून प्रोजेक्ट बंद करा, मग कॉपी. नाहीतर फाइल मेनूतलं ‘बॅकअप प्रोजेक्ट’ वापरा. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल मावतच नाही.

जागेचं म्हणाल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ मूळ फाइल तासाला साधारण १.०४ जीबी. तोच तास प्रोजेक्टमध्ये ३२ बिट फ्लोट या ऑडासिटीच्या नेहमीच्या स्वरूपात १.३८ जीबी, आणि पूर्ण ट्रॅकवर मेनूतून दिलेला प्रत्येक इफेक्ट प्रोजेक्ट बंद होईपर्यंत जवळपास तेवढीच भर घालतो. जागा खातो तो प्रोजेक्ट; दोष मात्र बिचाऱ्या कॉपीला.

रेकॉर्डरच्या मेमरी कार्डावरून फाइल ‘मूळ’ फोल्डरमध्ये घ्या आणि प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’वर खूण करा. चुकून ओव्हरराइट व्हायला त्याने आडकाठी होते, डिलीटला नाही. म्हणून दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर हवीच. एडिटिंग आणि एक्स्पोर्ट ‘काम’ फोल्डरमध्ये. दोन्ही कॉपींचा एसएचए-२५६ (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) विंडोजच्या सर्टयुटिल (certutil) कमांडने काढून कार्डावरच्या फाइलच्या ठशाशी जुळला, की मगच कार्ड फॉरमॅट करा.