‘आधी गोळी, मग दवाखाना’: हा निरोप पुढे पाठवू नका

"म्हाताऱ्या माणसाला अचानक काही झालं, तर आधी सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा. वारं गेलं असेल तर ॲस्पिरिन द्या, शुद्ध हरपली तर तोंडात साखर घाला. जुन्या गोळ्या शोधत बसू नका, डॉक्टर रक्त तपासून सगळं ओळखतात." व्हॉट्सॲपवरच्या या निरोपात जिवावर बेतणाऱ्या चुका आहेत.

सॉर्बिट्रेट ही हृदयविकारामुळे छातीत दुखण्यावरची गोळी. तिने रक्तवाहिन्या सैल होतात आणि बीपी झपकन उतरतं. मे महिन्यात मराठवाड्यातला पारा चाळिशीच्या वर असतो. जुलाबाने अंगातलं पाणी गेलेल्या, त्यात बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाला चक्कर आली म्हणून ही गोळी दिली, तर तो जागीच कोसळू शकतो. डॉक्टरांनी ती लिहून दिलेली असेल, छातीत दुखत असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तरच बसवून द्यावी. 24 तासांत सिल्डेनाफिल किंवा 48 तासांत टाडालाफिल (लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्या) घेतलं असेल, तर अजिबात नाही.

ॲस्पिरिन चावून खाण्याचा सल्ला हार्ट अटॅकसाठीचा आहे, तो इथे लकव्याला चिकटवला आहे. लकवा गुठळीने होतो, तसाच मेंदूत रक्तस्राव होऊनही होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक सीटी स्कॅनमध्येच कळतो. रक्तस्रावात ॲस्पिरिन घातक. शिवाय अशा वेळी अनेकदा नीट गिळता येत नाही, गोळी-पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. हा वेळ माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून 108 ला फोन करतानाच जवळची सीटीची सोय विचारा.

साखर? ती रक्तातली साखर उतरल्यावर द्यायची. माणूस शुद्धीवर असून गिळता येत असेल तर चहाचे 3 चमचे पाण्यात, 15 मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल, त्यातून किडनी कमजोर असेल, तर रक्तातली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. माणूस बोलायला लागला तरी दवाखान्यात न्याच.

सगळ्यात वाईट सल्ला शेवटचा. क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी चालू आहे हे नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही. न्हाणीघरात पडून डोक्याला मार लागला आणि ही गोळी किंवा रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम चालू असेल, तर माणूस ठणठणीत दिसला तरी सीटी लागतो. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं, तर किडनी बंद पडू शकते. तिथल्या डॉक्टरांना हे तुमच्याकडूनच कळणार. "एक पांढरी गोळी घेतात" याचा उपयोग नाही. पाकिटं, इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, वैद्यांच्या पुड्या, मेडिकलवरून परस्पर आणलेल्या गोळ्या एकाच पिशवीत ठेवा. तिच्यात एक चिठ्ठीही हवी: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कशाची ॲलर्जी. निघताना तिच्यावर शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहा.