‘बिजागरीचं कौतुक पुरे, वेगाचं बोला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्वस्त लॅपटॉप घेताना झाकणाची बिजागरी, सांगाडा आणि रॅम आधी बघा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, त्यामुळे उत्तरही तसंच देतो. तुमचे आक्षेप तीन. पस्तीस-चाळीस हजारांत माणूस वेग विकत घेतो, बॉडी नव्हे. त्याच किमतीत एएमडीचा रायझन ५ प्रोसेसर मिळत असताना लेखात इंटेलच्या कोअर आय३ चं मशीन वर का? आणि शेवटी सुचवलेले जुने बिझनेस लॅपटॉप म्हणजे ‘कंपन्यांनी टाकलेलं भंगार’.

आधी वेगाचंच बोलू. तुम्ही दिलेला प्रोसेसर रायझन ५ ७५२०यू आहे. एएमडीच्या लॅपटॉपसाठीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. इथे तो २ आहे, म्हणजे झेन २, आणि ती रचना २०१९ ची. ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे धागे). नावातला ‘५’ पुसला तर त्याच्यात आणि रायझन ३ ७३२०यू मध्ये उरतो तो थोडासा क्लॉकचा, म्हणजे ठोक्यांच्या वेगाचा, फरक. लेखातल्या आय३-१२१५यू मध्ये २ मोठे आणि ४ छोटे मिळून ६ कोअर आहेत, थ्रेड ८ च. रायझन ५ ७५३०यू मिळत असेल तर गोष्ट वेगळी. तिसरा आकडा ३, झेन ३, ६ कोअर, १२ थ्रेड. तो त्या किमतीत मिळाला तर प्रोसेसरपुरता तुमचा मुद्दा बिनशर्त मान्य.

७५२०यू ची खरी अडचण पुढे आहे. त्याच्यासोबत एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम (चालू कामाची मेमरी) येते आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असते. ८ जीबी घेतली तर मशीन असेपर्यंत ८ जीबी, त्यातलीही थोडी ग्राफिक्सला जाते. आय३ च्या बऱ्याच मॉडेलांत रॅम बसवायचा निदान एक स्लॉट (खाच) मोकळा असतो. माझा सगळा लेख याच एका गोष्टीवर उभा होता: जे नंतर बदलता येत नाही, पहिला पैसा तिथे घाला. एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) बदलता येते, बॅटरी बदलता येते, स्लॉट असेल तर रॅमही. सोल्डर केलेली रॅम, स्क्रीनचा दर्जा आणि सांगाडा या गोष्टी घेतल्या तशाच राहतात. (स्क्रीन बदलता येते म्हणा, पण चांगल्या पॅनेलचा भाव ऐकून कोणी बदलत नाही.)

आता बिजागरी. तिच्यात मुद्दाम घर्षण ठेवलेलं असतं, म्हणून स्क्रीन हव्या त्या कोनात थांबते. त्या घर्षणाचा सगळा जोर अखेर तिचे स्क्रू जिथे बसतात त्या जागेवर येतो. स्वस्त मशीनमध्ये ती जागा म्हणजे कीबोर्डच्या पॅनेलला आतून असलेले प्लास्टिकचे बुटके खांब आणि त्यांत गरम करून दाबलेले पितळी नट. वंगण सुकलं, धूळ गेली की बिजागरी जड होते. त्यात झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असली की सगळा पीळ एकाच बाजूच्या खांबांवर. आधी केसाएवढी चीर, मग एक नट खांबासकट सुटतो, त्याचा भार उरलेल्यांवर, आणि एक दिवस कडकन आवाज होऊन झाकणाची कड उचकटते. स्क्रीनची केबल तिथूनच जात असल्याने पुष्कळदा डिस्प्लेही लुकलुकायला लागतो. सर्व्हिस सेंटर हे बहुतेक वेळा ‘फिजिकल डॅमेज’मध्ये धरतं, म्हणजे वॉरंटीचा आधार नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

झाकण उघडताना बिजागरीजवळ खालच्या कव्हरची फट उघडताना दिसली, तर त्याच दिवशी वापर थांबवावा. त्या टप्प्यावर खालचं कव्हर काढून, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवून, ढिले स्क्रू आवळता येतात. बिजागरीच्या टोकाला नट असेल तर तो पाव आटा सैल करावा. स्वस्त बिजागऱ्यांना पुष्कळदा हा नट नसतोच. तुटलेले खांब एपॉक्सीने (कडक होणाऱ्या गोंदाने) चिकटवून देणारे पुण्यातल्या तपकीर गल्लीपासून उपनगरांपर्यंत सगळीकडे आहेत. पण बिजागरी जडच ठेवून नुसतं चिकटवलं तर जोड पुन्हा सुटणार, आणि एपॉक्सी आट्यांत शिरली तर पुढच्या वेळी स्क्रूसुद्धा निघणार नाही. पॅनेल बदलणं हा खरा उपाय. बऱ्याच मॉडेलांत कीबोर्ड त्याच पॅनेलला प्लास्टिक वितळवून जोडलेला असतो, त्यामुळे बिल दोन्हींचं येतं. वाचवलेले दोन-तीन हजार इथे जातात.

‘मग मेटल बॉडी घ्या म्हणजे झालं’ असा टोमणा तुम्ही मारलाय. तसं लेखात कुठेही नाही. या किमतीत ‘मेटल’ म्हणजे बहुधा झाकणावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा. बिजागरीचे खांब आत प्लास्टिकचेच. शिवाय पेठांतल्या जुन्या खोल्यांमध्ये सॉकेटला अर्थिंग नसतं, तिथे चार्जर लावून धातूच्या मशीनवर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून झिरपणारा तो किरकोळ प्रवाह असतो. तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग असेल तर थांबतो. ‘मिलिटरी ग्रेड’चंही तेच. एमआयएल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी मानकात चाचण्या पुष्कळ आहेत, पण कोणत्या करायच्या ते कंपनी ठरवते आणि ठप्पा मारणारी स्वतंत्र संस्था नाही.

दुकानात करायच्या तपासणीला पाच मिनिटं पुरतात, टिळक रस्त्यावरचा दुकानदार कितीही घाईत असला तरी. डेमो मशीन पुढच्या एका कोपऱ्याला धरून उचला. टचपॅड आपोआप ‘टिक’ वाजला किंवा त्याचं क्लिक अडखळलं तर सांगाडा पिळतोय. जी आणि एच या कळांच्या मध्ये बोटाने दाबा, कीबोर्ड किती खचतो ते दिसेल. झाकण आधी मधोमध आणि मग कोपऱ्याला धरून उघडा. दुसऱ्या वेळी फट किंवा करकर असेल तर नको. झाकणाच्या पाठीवर हलका दाब दिल्यावर स्क्रीनवर लहरी उमटल्या, तर पीएमपी बसच्या गर्दीत सॅकमधल्या डब्याशेजारी त्या स्क्रीनवर डाग पडायला वेळ लागणार नाही. स्क्रीन खालून तिरकी बघा. चित्र काळवंडलं किंवा रंग उलटे झाले तर टीएन पॅनेल (तिरकं पाहिल्यावर बिघडणारा स्वस्त प्रकार) आहे. तपशिलात ‘४५% एनटीएससी’ (रंग किती दाखवता येतात त्याचं माप) असेल तर लाल रंग फिका दिसणार, हे धरून चाला.

रॅमसाठी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर एसओडीआयएमएम (स्लॉटमध्ये बसणारी पट्टी) असेल तर ती निघते, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर सोल्डर केलेली. फक्त काही मॉडेलांत अर्धी रॅम बोर्डावर आणि अर्धी स्लॉटमध्ये असते, म्हणून पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरही पडताळा. तिथे आणखी एक गोष्ट सापडते, जी फार कमी लोक वाचतात: सर्व्हिस मॅन्युअल. एचपी, डेल, लेनोव्हो तिघेही ती मोफत ठेवतात. बिजागरी कुठे आणि किती स्क्रूंनी बसते, कीबोर्ड सुटा मिळतो की पॅनेलसकट, हे खरेदीच्या आधीच कळतं. यूट्यूबवरच्या अनबॉक्सिंगपेक्षा त्या पीडीएफची चार पानं जास्त बोलतात.

राहिलं ‘भंगार’. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० किंवा एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही २०१८ ची मशीनं. दोन्हींत रॅमचे दोन स्लॉट, बिजागरीखाली भक्कम आधार आणि बहुतेक नगांत इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणून त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालते. सातव्या पिढीचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते अधिकृतपणे विंडोज १० वरच अडकतं, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घेताना समोर बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारी मशीनची मूळ सेटिंग) उघडून बघा. पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचा मुख्य पासवर्ड, बोर्डावरचा सीएमओएसचा छोटा सेल काढून जात नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा, स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं टाइप करून अहवाल काढा. ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ही ‘डिझाइन कपॅसिटी’च्या साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला. स्क्रीनचं रिझोल्युशनही तपासा. टी४८० चे १३६६ बाय ७६८ चे टीएन पॅनेलवालेही नग बाजारात आहेत, ते नकोत.

व्हिडिओ एडिटिंग किंवा प्रोग्रामिंगचे मोठे प्रोजेक्ट कंपाइल करायचे असतील तर जुनं मशीन घेऊ नका, तिथे तुमचंच गणित बरोबर आहे. तुम्ही भाचीच्या बीकॉमसाठी विचारलंय. एक्सेल, टॅली, ऑनलाइन लेक्चर आणि रोज कात्रजहून डेक्कनपर्यंत बसने ये-जा, एवढ्यासाठी मोकळा स्लॉट असलेलं आय३ घ्या, वर रॅमची ८ जीबीची दुसरी स्टिक टाका. स्टिक टाकायला कव्हर उघडल्यास वॉरंटीवर परिणाम होतो का, हे आधी सर्व्हिस सेंटरला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या, आणि बिलावर शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. एकाच नावाखाली पॅनेल, रॅम आणि बॅटरी बदललेली मॉडेलं विकली जातात.