‘३०७ टिकलं नाही की सुटका’ या मेसेजवर विसंबून अपील सोडू नका

“३०७ सिद्ध झालं नाही तर कोर्टाला सोडावंच लागतं, कारण दोषारोप फक्त ३०७चा असतो. जखम साधी असेल तर ३०७ टिकतच नाही. पण शिक्षा कमी लागली असेल तर अपिलात जाऊ नका, हायकोर्ट ती वाढवतं. आणि कलम उतरलं तरी डाग तो डागच, उपयोग काही नाही.”

अशा मजकुराचा मेसेज मोबाइलवरून फिरतो आहे. ३०७ म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं खुनाच्या प्रयत्नाचं कलम. मी फौजदारी अपिलं चालवतो. सांगली जिल्ह्यातल्या एका बाईंनी हाच मेसेज मला दाखवला. बांधावरून झालेल्या भांडणात त्यांच्या मुलाला ३०७ खाली पाच वर्षांची सक्तमजुरी लागली आहे. त्या विचारत होत्या, “साहेब, अपील केलं तर दहा होतील का?” या भीतीपोटी त्यांनी महिनाभर निकालाची प्रत ट्रंकेत ठेवून दिली होती. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी दोषारोपाचं बघू. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २२२ (आता नागरिक सुरक्षा संहितेचं २४५) अगदी याच प्रश्नासाठी आहे. मोठ्या गुन्ह्याच्या घटकांपैकी फक्त काही सिद्ध झाले आणि तेवढ्यांतून एक लहान गुन्हा पुरा होत असेल, तर त्याचा वेगळा दोषारोप नसला तरी त्याची शिक्षा देता येते. ३०७ मध्ये कृती हवी आणि जीव घेण्याचा हेतू किंवा तशी जाणीव हवी. हेतू गळून पडला तरी वार आणि जखम उरतेच. मग ३२३ (साधी दुखापत), ३२४ (घातक हत्याराने दुखापत), ३२५ (गंभीर दुखापत) किंवा ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत), पुराव्यात बसेल ते कलम लागतं. त्यासाठी पुन्हा खटला चालवावा लागत नाही. (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना न्याय संहिता लागते. तिथे ३०७चं १०९ झालं, ३२४चं ११८(१), ३२५चं ११७(२), ३२६चं ११८(२). त्याआधीचे गुन्हे जुन्याच कलमांनी चालतात.)

मात्र शिक्षा कमी म्हणून कुठलंही कलम ‘लहान’ ठरत नाही. कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हे स्पष्ट केलं. दोन्ही गुन्हे एकाच जातकुळीचे हवेत, त्यांचे मुख्य घटक सारखे हवेत. तिथे दोषारोप खुनाचा होता आणि उच्च न्यायालयाने शिक्षा दिली हुंडाबळीची. हुंडाबळीत आपण दोषी नाही हे दाखवण्याचं वेगळंच ओझं आरोपीवर येतं, ते पेलण्याची संधी त्याला मिळालीच नव्हती. म्हणून ती शिक्षा तशी टिकली नाही. अपिलात हा मुद्दा आवर्जून तपासावा लागतो: उतरलेलं कलम मूळ आरोपाच्या पोटातलं आहे, की बाहेरून आणलेलं?

जखम साधी म्हणजे ३०७ नाही, हेही चूक. १९८३ साली महाराष्ट्र शासनाच्याच एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ३०७ साठी जीव जाईल अशी जखम झालीच पाहिजे असं नाही. जखमेवरून हेतूचा अंदाज येतो, पण हेतू इतर गोष्टींवरूनही ठरतो. नेम चुकलेली गोळी काहीच जखम करत नाही, तरी ३०७ लागू शकतं.

त्या बाईंच्या मुलाचंच घ्या. फिर्यादीत ‘कुऱ्हाडीने डोक्यात वार केला’ असं आहे. डॉक्टरांच्या दाखल्यात ४ सेंमी लांबीची, कडा फाटलेली जखम आहे. हाड शाबूत, आणि जखम ‘कठीण व बोथट’ वस्तूची. म्हणजे पातं नव्हे, तुंबा (कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू) लागला. उलटतपासात जखमी साक्षीदारानेही तुंबा मान्य केला आहे. घाव एकच, आणि समोरचा खाली पडल्यावर पुन्हा मारलेलं नाही. नुसतं ‘जखम साधी आहे’ म्हणून मी कोर्टापुढे उभा राहिलो तर दोन मिनिटांत बसावं लागेल. पण तुंबा, एकच घाव आणि नंतर थांबलेला हात ही तिन्ही एकत्र मांडली तर हेतूवर खरा प्रश्न उभा राहतो.

आता मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य: अपील केलं की शिक्षा वाढते. आरोपीच्या अपिलात न्यायालय निर्दोष सोडू शकतं, फेरसुनावणी लावू शकतं, कलम बदलू शकतं, शिक्षा बदलू शकतं. वाढवू मात्र शकत नाही. प्रक्रिया संहितेच्या कलम ३८६ (आता ४२७) मध्ये हे शब्दांत लिहिलेलं आहे. २०२५ मध्ये तमिळनाडूतून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुढचं दारही लावलं: आरोपीच्या अपिलात पुनरीक्षणाचा (खालच्या कोर्टाचा निकाल स्वतःहून तपासण्याचा) अधिकार वापरूनही शिक्षा वाढवता येत नाही. खालच्या कोर्टाने ३०७ मधून सोडून ३२४ दिलं असेल, तर आरोपीच्या अपिलातून ३०७ परत येत नाही. खालच्या कोर्टात झालेली सुटका आरोपीच्या अपिलात उलटवता येत नाही, हे १९६१ पासून पक्कं आहे.

शासन शिक्षा वाढवण्यासाठी अपील करू शकतं. लहान कलमावर शिक्षा झाली म्हणून जखमी माणूसही अपील करू शकतो. पण तुम्ही गप्प बसलात म्हणून ते थांबत नाहीत. गप्प बसून तुमचीच बाजू मांडायची राहते.

कलम उतरल्याने शिक्षा आपोआप कमी होत नाही, हे मात्र खरं आहे. ३०७ची पाच वर्षं ३२६ खाली तशीच ठेवता येतात. म्हणून कलमावर आणि शिक्षेवर वेगवेगळा युक्तिवाद करावा लागतो. पण ‘उपयोग नाही’ हे साफ खोटं. ३२४ला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत. जखम झालेल्या ३०७ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्याने चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची १९५८च्या परिवीक्षा कायद्यातली सवलत तिथे मिळत नाही, ३२४ला मागता येते. ३२५ असेल तर जखमी माणसाशी तडजोड होऊ शकते, अपील सुरू असताना त्याला अपील न्यायालयाची परवानगी लागते. ३०७ला तडजोडीची तरतूदच नाही. हा मुलगा दीड वर्ष आत आहे, आणि कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होतात. ३०७ की ३२४, यावर तो या दिवाळीला घरी असेल की नाही हे ठरू शकतं.

मुदतीबद्दल त्या मेसेजमध्ये एक शब्द नाही. सत्र न्यायालयात अपील करायचं तर ३० दिवस, उच्च न्यायालयात ६०. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. सांगलीची अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात, त्यामुळे मुंबईची खेपही वाचली. त्या बाई आल्या तेव्हा २३ दिवस उरले होते. वकीलपत्रावर मुलाची सही आणायला त्यांचा भाऊ त्याच दुपारी कळंब्याच्या तुरुंगात गेला.