‘लार्क राइज’चे पांढरेशुभ्र एप्रन : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘लार्क राइज टू कँडलफर्ड’ या बीबीसीच्या मालिकेवर (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं इंग्लंड, लार्क राइज नावाची गरीब वाडी आणि शेजारचं कँडलफर्ड गाव) मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे आक्षेप आधी मांडते. पहिला, मालिकेतली गरिबी धुऊन इस्त्री केलेली आहे. शेतमजुराच्या बायकोचा एप्रन इतका पांढरा कसा राहतो? दुसरा, आपल्याकडे दुष्काळ आणि प्लेगाने माणसं मरत होती, त्याच काळातल्या साहेबाच्या खेड्यासाठी मराठी माणसाने गळा का काढायचा? तिसरा, चित्रीकरण ऑक्सफर्डशरमध्ये झालं असं मी ठोकून दिलं, ते चूक आहे. आणि शेवटी, ‘तुम्हाला परक्या आजीच्या गोधडीत शिरायचंय, खुशाल शिरा.’

गोधडीचं वाक्य झकास आहे. मी ते कधीतरी ढापणार.

तिसरा आक्षेप बिनशर्त मान्य. गोष्ट ऑक्सफर्डशरची असली तरी चित्रीकरण झालं विल्टशरमध्ये, बॉक्स आणि नेस्टन या गावांच्या परिसरात. लार्क राइजची वाडी तर तिथे शेतात मुद्दाम उभी केलेली होती. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता एप्रनकडे येते. मलाही ते खुपले होते, पण लेखात मी त्याबद्दल गप्प बसले, कारण मालिका मला आवडते आणि आवडत्या गोष्टीचे दोष आपण पाहुण्यांसमोर काढत नाही. २००८ ते २०११ या काळात रविवारी संध्याकाळी दाखवलेल्या ४० भागांच्या मालिकेत चिखल जरा बेतानेच असणार. कँडलफर्डची पोस्टमास्तरीण मिस लेन दर भागात एखाद्या नव्या गोष्टीला ‘माझा एकच काय तो कच्चा दुवा’ म्हणते, कपडे शिवणाऱ्या प्रॅट भगिनी नाकं मुरडतात, पोस्टमन थॉमस ब्राउन प्रत्येक पेचात देवाला साक्षीला बोलावतो, आणि तासाभरात सगळ्यांचं भलं होतं. गोड आहे, नाकारत नाही.

पण या साखरेखाली काय आहे, ते पाहायचं राहून गेलं असं वाटतं. पहिल्याच भागातला तंटा आठवा. पोस्टापासून आठ मैलांच्या पलीकडे तार पोचवायची तर साडेतीन शिलिंग जास्तीचे, आणि तेही तार घेणाऱ्याने द्यायचे. लार्क राइजचे लोक म्हणतात, आम्ही आठ मैलांच्या आतच आहोत. यावरून मोजणी, मानापमान, दोन गावांची भांडणं. वरवर पाहिलं तर गंमत आहे. पण त्या वाडीतल्या मजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंग, हे फ्लोरा थॉम्पसनच्या पुस्तकात, ज्याच्यावर मालिका बेतली आहे त्यात, लिहून ठेवलेलं आहे. आता हिशेब करा. गरिबाघरी तार येते ती बहुधा कोणी गेल्याची किंवा जायच्या बेतात असल्याची. म्हणजे ती बातमी हातात घेण्यासाठी आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजायचा. मालिकेने हे ओरडून सांगितलेलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. आणि पहिल्याच पर्वात कॅरोलाइन आर्लेस, म्हणजे आपली लाडकी डॉन फ्रेंच, उधारीपायी तुरुंगात जाते, तिची पोरं थोरल्या आल्फच्या गळ्यात पडतात, हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं?

तरी पुस्तक हातात घेतलं की मालिका फिकी पडते, हे खरं. फ्लोराचा जन्म १८७६ चा, जुनिपर हिल नावाच्या वाडीतला. हीच पुस्तकातली लार्क राइज. बाप गवंडी. चौदाव्या वर्षी ती फ्रिंगफर्डच्या पोस्टात कामाला लागली. या तीन भागांतलं पहिलं पुस्तक आलं १९३९ मध्ये, तेव्हा बाई बासष्ट वर्षांच्या. तिथून मागे वळून त्यांनी जे लिहिलं त्यात उमाळा कमी आणि हिशेब जास्त आहे. प्रत्येक घरामागे एक डुक्कर. त्याला पोसायला दाणा नसला तर ते मारायच्या आधीच त्याचा अर्धा हिस्सा गिरणीवाल्याकडे किंवा पाववाल्याकडे गहाण. सुगी आटपल्यावर बायका-पोरं रिकाम्या शेतात सरवा वेचायला जायची, आणि त्या सरव्याच्या पिठावर पुढचे काही महिने निघायचे. घरात बाळंतपण आलं की पाद्र्याच्या घरून एक पेटी उसनी यायची, तिच्यात बाळाचे कपडे, थोडा चहा, थोडी साखर. कपडे धुऊन पेटी परत करायची, पुढच्या बाईसाठी. आपल्याकडचा बाळंतविडा निदान परत तरी द्यावा लागत नाही! आणि बारा-तेरा वर्षांपुढची एकही मुलगी वाडीत कायमची राहत नसे. सगळ्या बंगल्यांवर कामाला. मालिकेत लॉरा (ही गोष्टीतली फ्लोराच) पोस्टात जाते ते स्वप्नपूर्तीसारखं दाखवलंय. पुस्तक वाचल्यावर कळतं की घर सोडणं सगळ्यांच्याच नशिबी होतं, लॉराला फक्त भांडी घासायला जावं लागलं नाही.

बापाचंही तेच. मालिकेतला रॉबर्ट टिमिन्स तत्त्वनिष्ठ, देखणा, बायकोवर जीव टाकणारा. (ब्रेंडन कॉइल. पुढे ‘डाउनटन अॅबी’त बेट्स झाला तोच.) पुस्तकातला बाप मुळात थोड्या दिवसांसाठी म्हणून वाडीत आलेला, आणि मग जन्मभर तिथेच अडकलेला कडवट माणूस. असा बाप रविवारी संध्याकाळी कोण पाहणार?

पण तुम्ही ज्याला गोडवा म्हणता, त्याची खरी जागा एप्रनमध्ये नाही असं मला वाटतं. ती आहे काळाच्या मांडणीत. मालिकेत दर आठवड्याला काहीतरी नवं येतं, वाडी हादरते, कुरकुरते, आणि शेवटी त्या नव्याला पोटात घेऊन पुन्हा होती तशी होते. पुढच्या रविवारी पाटी कोरी. पुस्तकात असं होत नाही. तिथे एकदा गेलेलं परत येत नाही. क्वीनी म्हातारीचंच घ्या. मालिकेत ती मधमाश्यांशी बोलणारी, औषधपाणी जाणणारी प्रेमळ आजी. पुस्तकात ती आधी लेस विणणारी कारागीर आहे. लहानपणापासून बोटांना वळण लागलेलं, बॅनबरीच्या जत्रेत माल विकलेला. मग नॉटिंगहॅमची यंत्रावरची लेस आली आणि तिच्या कसबाला गिऱ्हाईक उरलं नाही. तिचं वय झालं म्हणून नव्हे, तिची कला आता कोणालाच नको म्हणून ती मधमाश्या राखत बसली आहे. हे मालिकेने धरायला हवं होतं. या बाबतीत मी तुमच्याहून जास्त नाराज आहे.

आता तुमचा दुसरा आक्षेप, ‘आपला काय संबंध’. सोपं उत्तर द्यायचं तर दुसऱ्याच्या वाडीत डोकवायला संबंध लागत नाही. पण तुम्ही दुष्काळ-प्लेगाचा दाखला दिलात, तो उडवून लावण्यासारखा नाही. १८८७ च्या व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला फ्लोराची अख्खी वाडी नटूनथटून जवळच्या पार्कात चहा आणि खेळांना गेली होती. दहा वर्षांनी पुढच्या ज्युबिलीच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा त्यांच्या मेजवानीचा खर्च कोण सोसत होतं हा प्रश्न रास्तच आहे. फक्त तो दहा शिलिंगांवर जगणाऱ्याला विचारून उपयोग नाही.

आणि संबंधच हवा असेल तर पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर या. तिथे फ्लोरा वाडीतल्या मुलांबद्दल लिहिते, की ही पोरं जन्मभर नांगरामागे चालायचं असं धरून वाढत होती. मग ती पहिल्या महायुद्धातल्या चार रणांगणांची नावं घेते आणि विचारते, यांना या गावांची काय माहिती असणार? गॅलिपोली, कूट, व्हिमी, ईप्र. त्या एवढ्याशा वस्तीतले अकरा जण परत आले नाहीत. चर्चमध्ये पितळी पाटीवर नावं आहेत, पाच-पाचच्या दोन ओळी आणि शेवटी एकटं एक नाव, एडमंडचं. हा तिचा भाऊ. खऱ्या आयुष्यात त्याचं नाव एडविन, १९१६ मध्ये मारला गेला.

त्या चार नावांतल्या कूटपाशी मी अडकले. इराकमधल्या टायग्रिसच्या काठावरच्या त्या गावात डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ एवढा काळ तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली फौज कोणती? सहावी डिव्हिजन, जिचं नावच पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि त्यांच्याच सोबत ऑक्सफर्डशर अँड बकिंगहॅमशर लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही होती. घाटावरचे आणि कोकणातले शेतकरी एका बाजूला, लार्क राइजसारख्या वाड्यांतले नांगरे दुसऱ्या बाजूला, वर सेनापती टाउनशेंड साहेब. धान्य संपत आलं तेव्हा घोडे मारून खायची वेळ आली. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडाला लावलं नाही. शरणागतीनंतर साधे शिपाई, गोरे आणि काळे, वाळवंटातून पायी हाकलले गेले आणि त्यातले पुष्कळ वाटेतच मेले. टाउनशेंड साहेबांना इस्तंबूलजवळ बेटावर बंगला मिळाला.

हे पान मी पूर्वी दोनदा वाचलं होतं आणि कूट या शब्दावरून डोळे सरकवून पुढे गेले होते. तुमच्या ‘आपला काय संबंध’मुळे तिसऱ्यांदा काढलं, तेव्हा थांबले. त्याबद्दल तुमचे आभार.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी हे पुस्तक आलं, आणि १९४१ मध्ये फ्लोराचा धाकटा मुलगा समुद्रात बोट बुडून गेला. तिसरा भाग तिने त्यानंतर पुरा केला. तो सगळ्यात हसरा आहे, मालिकेने सर्वांत जास्त उचललाय तोही तोच. तुमच्या एप्रनची तक्रार खरं तर त्या भागाकडे जायला हवी, आणि तिथे ती करायला मला तरी जीभ उचलत नाही.

तुम्ही जाता जाता विचारलंय की आधी पुस्तक वाचावं की मालिका पाहावी. तुमचा स्वभाव पाहता पुस्तक. मालिका मग ताप-सर्दीत पडून असाल तेव्हा पाहा, मी तशीच पाहिली होती. गोधडी लागेलच.